अर्धं गाइड

बाइंडरने गाइड हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून बापाकडे पाहिलं. "हे फाटलेलं नाही. पट्टी लावून ब्लेडने कापलंय."

बापाने मुलीकडे पाहिलं. मुलीने खळीच्या डब्याकडे.

कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला तेवीस दिवस उरले होते. बापाने लागणाऱ्या सामानाची यादीच केली होती: मागच्या नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींचे अंक, कुणाकुणाच्या वह्यांच्या झेरॉक्स. एकेक वस्तू घरात आली की पुढे बरोबरची खूण. मुलीने ती उघडो न उघडो, खूण पडली की त्याचा अभ्यास झाला. राहिलं होतं फक्त हे गाइड. बाजारात कुठे मिळेना, आणि आज सकाळी ते मुलीच्याच दप्तरात सापडलं, पुठ्ठा गेलेलं. म्हणून तो तिला घेऊन तडक इथे आला होता.

बाइंडरने मागच्या फळीवरून दुसरा गठ्ठा काढला आणि पहिल्यावर ठेवला. पानांच्या कडेवरचा शाईचा डाग खालून वर पूर्ण झाला.

काल एक गृहस्थ देऊन गेले, तो म्हणाला. त्यांच्याही मुलीचं पुस्तक फाटलं होतं. गृहस्थांचं नाक साधारण तुमच्यासारखंच होतं.

ते नाक बापाला चांगलं ठाऊक होतं. धाकट्या भावाचं. दोन घरांमधल्या एका जिन्यावरून दोघं सख्खे भाऊ अकरा वर्षं कोर्टात समोरासमोर बसत होते. जिन्याला 'जैसे थे'चा हुकूम होता, त्यामुळे दोन्ही घरांतलं कुणी तिकडे फिरकत नसे. अभ्यासाला इतकी शांत जागा पोरींना दुसरी कुठे मिळणार? दोघींचे बाप घरातच एकेक वकील तयार करायला निघाले होते, एकमेकांसाठी.

"शेवटची एकच प्रत होती, बाबा," मुलगी म्हणाली. "आम्ही अर्धी अर्धी केली. एक सोडवते, दुसरी तपासते. दर आठवड्याला बदलतो."

बाइंडर म्हणाला, दोन्ही ठेवून जा, एकत्र शिवून देतो. कापलं कुठे होतं ते उद्या मलासुद्धा सापडणार नाही.

बाप डागावरून बोट फिरवत राहिला. मग त्याने खालचा गठ्ठा ओढून वेगळा केला.

"एवढाच बांधा."

"साहेब, यात नुसते प्रश्न आहेत. उत्तरं सगळी त्या भागात आहेत."

"हिला येतात."

जिन्याकडच्या दाराला आजच कुलूप लावतो, असंही त्याने मुलीला तिथल्या तिथे सांगून टाकलं. पुठ्ठ्यावर मुलीचं नाव हवं होतं, आडनावासकट. आडनावाचे ठसे कालचेच जुळवलेले आहेत, बाइंडर म्हणाला, पुढचं नाव तेवढं बदलतो.

"ते कधी येणार न्यायला?"

"उद्या चारला."

"मग मी पाचला येतो."

बाहेर पायरीवर बापाने चपला घातल्या, खिशातून यादी काढली आणि शेवटच्या ओळीपुढे खूण केली.

मुलगी आतच रेंगाळली होती. "काका, वाळेपर्यंत दोन्ही एकाच शिकंज्यात दाबून ठेवाल?"

"शिकंजा एकच आहे, पोरी."

ती गेली. दुपारपर्यंत दोन्ही पुस्तकं बांधून झाली. बाइंडरने प्रश्न खाली ठेवले, उत्तरं वर. खळ ओली असली की पुस्तकं एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये मेणकागद घातला आणि चाक आवळलं.