देवाची नोंद

काचेची खिडकी खाली आली ती थेट बुअज्जाच्या अंगठ्यावर. त्याच्या तोंडून एक शब्द गेला, आणि कचेरीतली कुजबुज बंद पडली.

तो शब्द म्हणजे देवाला दिलेली शिवी. उत्तर इटलीतल्या त्या खोऱ्यात म्हातारी माणसं दोन वाक्यांच्या मध्ये ती सहज पेरतात, कुणी मान वळवून बघत नाही. बुअज्जा मोरोक्कोहून आला आणि चामड्याच्या कारखान्यात लागला, तेव्हा इथल्या भाषेतला पहिला शब्द त्याला हाच मिळाला. अठ्ठावीस वर्षांत तो जिभेवर बसला, जसा कातडी भिजवायच्या चुन्याचा वास हातांवर बसला. घरी तोंडून निसटला की बायको, महजूबा, डोळे वटारायची आणि तो मुकाट्याने तोबा तोबा म्हणायचा.

पण नगरपालिकेत तो आजवर निसटला नव्हता. त्यात महिन्यापूर्वीच महापौरांनी भिंतीवर पाटी ठोकली होती, की इथे देवाची निंदा करणाऱ्याला दंड होईल. महापौरांच्या खोलीचं दार नेमकं उघडं होतं.

रांगेतला म्हातारा तुल्लिओ खुदकन हसला. "चला, आता हा पक्का आपल्यातला झाला," तो म्हणाला.

बुअज्जाला हसू कुठलं येणार? महजूबा इस्पितळात होती. डॉक्टर आता आठवड्यांची नव्हे, दिवसांची भाषा बोलत होते. तिने एकच मागितलं होतं: "मला पेटीत घालून विमानाने पाठवू नका. मुलं इथे आहेत. मी इथेच राहते." त्यासाठी गावच्या दफनभूमीत एक कोपरा हवा होता, जिथे तिला मक्केकडे तोंड करून निजवता येईल. तेवढ्यासाठी तो आज चौथ्यांदा अर्ज घेऊन आला होता आणि चौथ्यांदा तो परत मिळाला होता.

खिडकीमागच्या फ्राकास्सोबाई दुष्ट नव्हत्या. त्या नियमाला धरून होत्या, इतकंच. वेगळा कोपरा फक्त दप्तरी नोंद असलेल्या धर्माला देता येतो, आणि इस्लामशी सरकारने अजून करारच केलेला नाही. "एक कागद आणा," त्यांनी आताच बजावलं होतं. "या कचेरीने तुमच्या धर्माची दखल घेतल्याचा एक कागद, शिक्क्यासकट. मी त्याच क्षणी सही करते." आणि खिडकी खाली ओढली होती.

झोर्दान पुढे आला. आता तो नगरपालिकेचा पोलीस शिपाई असला, तरी एके काळी दोघांनी शेजारी उभं राहून कातडी धुतली होती. महापौरांच्या दाराकडे एक नजर टाकून त्याने नाइलाजाने दंडाची वही काढली आणि आवाज खाली आणला.

"आमच्या देवाला म्हणालास की तुझ्या? तुझ्याच म्हण, गाढवा. तुमची इथे नोंदच नाही. नोंद नाही, तर निंदा कुणाची? मी वही खिशात घालतो."

बायको मरणाच्या दारात, आणि आजच आपण हे बोललो. बुअज्जाला स्वतःची किळस आली. देव त्याला एकच होता. लाज वाटली तरी खरं तेच त्याने सांगितलं, की माझ्याच देवाला म्हणालो.

वही मिटणार, तोच खिडकी वर गेली. बाईंनी सगळं ऐकलं होतं.

असं कसं चालेल, त्या म्हणाल्या. कायद्यात नुसतं 'देव' आहे, कुणाचा ते कायदा विचारत नाही. न्यायालयाने कधीच निकाल दिलाय. त्यांनी पुस्तक काढून ओळीवर बोटही ठेवलं. "झोर्दान, स्पष्ट लिहा. इस्लाम धर्माच्या देवाची निंदा. उद्या कुणी म्हणायला नको, ही कचेरी भेदभाव करते म्हणून."

झोर्दानने तोंड वाकडं करून लिहिलं. बाईंनी वाचलं, एक अक्षर दुरुस्त करून घेतलं, तारीख घातली, सही केली आणि शिक्का दोनदा दाबला. अर्धवट उठलेला शिक्का त्यांना खपत नसे.

बुअज्जाने कागद घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. दंड किती, हे त्याने पाहिलंही नाही.

बाईंचा हात पुन्हा काचेकडे गेला. बुअज्जाने सुजलेला अंगठा पुन्हा खिडकीखाली ठेवला. अर्ज आत सरकवला आणि त्यावर तो कागद ठेवला.

"कागद आणला, बाई," तो म्हणाला. "शिक्क्यासकट."