ताटाखालची पानं

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून आईचे पाय भरून आले होते. तारखांमागून तारखा पडून तिच्यातला रागसुद्धा विरून गेला होता. आता फक्त घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

कंपनीचे वकील मात्र अजिबात घाईत नव्हते.

“तुमची मुलगी पालेभाजी खात नाही, बरोबर?”

“नाही खात.”

“सँडविचमधलं पानसुद्धा काढून टाकते. शाळेतल्या बाईंनीच सांगितलंय इथं.”

“हो. लहानपणापासून नाक मुरडते.”

“मग आमच्या पाकिटातली पानं तिनं खाल्ली, हे कशावरून?”

‘धुतलेली, खायला तयार’ असं छापलेल्या त्या पाकिटांत जंतू होते, हे कंपनीनं केव्हाच कबूल केलं होतं. या मुलीनं ती पानं खाल्ली, एवढंच कंपनी मान्य करत नव्हती. आणि तेवढं सिद्ध झालं नाही, तर सगळंच मुसळ केरात.

आईनं मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसली होती. त्या जंतूंनी मूत्रपिंडं गेल्यापासून तिला डायलिसिसच्या मशीनला जोडावं लागायचं, आणि सुयांनी हाताची चाळण झाली होती. कोर्टात येऊ नकोस म्हणून आईनं परोपरीनं सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं.

“खाल्ली,” एवढंच आई आजवर सगळ्यांना सांगत आली होती. डॉक्टरांना, नवऱ्याला, स्वतःच्या वकीलबाईंनाही. पुढचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मी समोर बसले होते,” ती म्हणाली. “संपवल्याशिवाय उठायचं नाही, म्हटलं. ती रडत होती. मी ऐकलं नाही.”

“सगळी संपवली?”

“ताटाखाली लपवायची खोड आहे तिला. मी ताट उचलून बघितलं. होती पानं. तीही खायला लावली.”

वकील कागद आवरून खाली बसले.

बाहेर पडताना वकीलबाईंनी तिचा हात दाबला. “छान बोललात. आता केस आपल्या हातात आली.”

आईला वाटलं, कुणीतरी आपल्याला ताडताड बोलावं.

वकीलबाईंनी कॅन्टीनमधून मुलीसाठी सँडविच पाठवलं. व्हरांड्यातल्या बाकावर मुलीनं प्लेट मांडीवर घेतली, पावाचा काप उचलला. आत एक हिरवं पान होतं. ती थांबली.

“काढून टाक गं ते,” आई म्हणाली.

मुलीनं पान काढून आईच्या हातात दिलं आणि उरलेलं निमूट खाल्लं. मग कुणी न सांगता तिनं रिकामी प्लेट उचलली आणि खाली काही नाही, हे आईला दाखवलं.