तोल जाईपर्यंत

टबातलं पाणी छत्तीस अंशांवर आलं आणि नऊही मासोळ्या वर येऊन तोंडं उघडमीट करू लागल्या. धनंजय खूश झाला. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मासे उष्णतेचा ताण किती सोसतात यावर पीएच.डी. करत होता. आसगावच्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, आज त्याचा शेवटचा प्रयोग होता. मे महिन्यातले सकाळचे दहा वाजले होते आणि पाळीची माती आत्ताच चटके देत होती.

पाणी तापवायचं काम मंगरूकडे होतं. तीन दगडांची चूल, तिच्यावर पाण्याने भरलेला गंज, दर पाच मिनिटांनी मगभर गरम पाणी टबात ओतायचं आणि काठीने हळूहळू ढवळायचं. अर्ध्या तासाला एकच अंश, जास्त नाही की कमी नाही. सावलीत ठेवलं तर वेग बिघडतो, म्हणून टब उन्हात, चूल उन्हात आणि मंगरूही उन्हात. छत्री एकच होती आणि ती बर्फाच्या पेटीवर रोवलेली होती.

धनंजय काही दुष्ट माणूस नव्हता. “बसता का जरा?” असं त्याने मंगरूला दोनदा विचारलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मंगरू दोन्ही वेळा नाही म्हणाला. त्याची मुलगी प्रतिक्षा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला याच सरांच्या वर्गात होती आणि प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते. असा बाप बसत नसतो, एवढं पीएच.डी. न करताही कळतं.

मधल्या वेळात धनंजयने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. मासोळी तापली, घाबरली की तिच्या रक्तात एक रस सुटतो. त्याच्या जोरावर ती अंगातली साखर जाळत तग धरते. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही झालेलंच नाही. मग एकदम तिचा तोल जातो आणि ती आडवी होते. तशी झाली की पाच सेकंदांच्या आत तिला शेजारच्या थंड टबात सोडायचं, असा नियम आहे. मुक्या जिवाला गरजेपेक्षा जास्त त्रास देणार नाही, असं लिहून दिल्याशिवाय प्रयोगाला परवानगीच मिळत नाही. त्याने फायलीतला सहीशिक्क्याचा कागदही दाखवला.

मंगरूने हात लुंगीला पुसले आणि कागद लांबूनच पाहिला.

“बरं हाय,” तो म्हणाला. “मासोळीले कागद हाय.”

साडेबाराला प्रतिक्षा बापाचा डबा घेऊन सायकलवर आली. तोवर सात मासोळ्या आडव्या होऊन थंड टबात गेल्या होत्या आणि तिथे पुन्हा फिरायलाही लागल्या होत्या. धनंजयच्या मांडीवरचा नोंदींचा तक्ता तिनेच आखून दिला होता. कल्ल्यांची गती, तोंड, रंग, तोल, असे रकाने होते. तिने बापाकडे पाहिलं. श्वास भराभर चालला होता, तोंड उघडं होतं, चेहरा लालभडक झाला होता आणि सदरा कोरडा ठणठणीत होता. त्याने गरम पाण्याचा मग टबाकडे नेला आणि पाणी मातीत ओतलं.

“मंगरूभाऊ, टबात,” धनंजय म्हणाला. त्याने तक्त्यातून मान काढली नाही.

“सर, बाबाले घाम येऊन नाही राहिला. सोडा त्यायले.”

दोनच उरल्यात, आता थांबलो तर सगळा दिवस वाया, पाच मिनिटं दे, असं सर म्हणाले. तिने बापाचा दंड धरला. तो तव्यासारखा तापला होता. मंगरूने तो सोडवून घेतला.

“सरचं होऊ दे ना, बाई. तुयेच सर हायेत.”

प्रतिक्षाला सरांचा संताप आला आणि त्याहून जास्त आपल्या मार्कांचा आला. तरीही ती थांबली. पाच मिनिटं डबा हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

आठवी मासोळी आडवी झाली, त्याच वेळी मंगरूही कुशीवर पडला. काठी हातात तशीच होती. धनंजयने मासोळी जाळीने उचलून थंड टबात सोडली. पाठोपाठ नववी गेली, तिलाही सोडलं. दोन्ही वेळा पाच सेकंदांच्या आत. मग त्याने वेळ लिहिली आणि मान वर केली.

प्रतिक्षाने थंड टब उचलला आणि बापाच्या अंगावर पालथा केला.

“गाडी काढा, सर. पवनीच्या दवाखान्यात न्या लागते.”

“हो, हो. एक मिनिट.”

नऊच्या नऊ मासोळ्यांचं रक्त अजून काढायचं होतं. मातीत उडणाऱ्या मासोळ्या धनंजय एकेक उचलून बादलीत टाकू लागला. तो तोंडाने मोजत होता. आठवर तो थांबला, चूल पाहिली, गवत पाहिलं आणि घाईघाईने मंगरूजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. प्रतिक्षाने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिने हाका मारल्या तरी मंगरू डोळे उघडत नव्हता. सर वाकून सदऱ्याची बटणं काढू लागले तेव्हा तिला धीर आला. सर छाती बघत होते, श्वास बघत होते. त्यांना जागा मिळावी म्हणून तिने आपला हात बाजूला घेतला.

धनंजयने सदऱ्यात हात घालून मासोळी बाहेर काढली.

“नऊ,” तो म्हणाला.