रुपरावांचा हार

श्रद्धांजलीच्या वेबसाइटवर नवा एडिटर बसवायचं काम हर्षाकडं आलं होतं. घरच्यांनी त्यात चार ओळी लिहाव्यात, फोटो अपलोड करावा, एवढंच. धरमपेठेतल्या ऑफिसात भर दुपारी अपलोड तपासायला तिनं हाताशी होता तो फोटो टाकला. स्वतःचाच.

शेजारच्या टेबलावरून जितेंद्रनं ते पाहिलं. "जित्या माणसाचा फोटो तिथं काहून टाकून राहिली वं? काढ तो."

"टेस्टिंगच त करून राहिली, दादा," म्हणत हर्षानं तो हसून डिलीट केला.

मग तिनं पहिला खरा फोटो घेतला. काटोलचे रुपराव, गेल्या आठवड्यात वारलेले. मुलानं भिंतीवरच्या तसबिरीचाच फोटो काढून पाठवला होता. कपाळावर गंध, काचेवरून सोडलेला झेंडूचा भरघोस हार.

फोटो अपलोड झाला. तसबीर आली, गंध आलं. हार आला नाही.

तिनं पुन्हा अपलोड केला. पुन्हा तेच. शेवटी तिनं मुलानं पाठवलेली मूळ फाइलच उघडली. आता तिथंही हार नव्हता.

"दादा, जरा इकडं येता?"

जितेंद्र उठून आला आणि दोन पावलांवरच थबकला. "झेंडूचा वास कुठून येऊन राहिला?"

तो स्क्रीनकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता. तिच्या चेहऱ्याकडंही नाही, जरा खाली.

हर्षाच्या मानेवर काहीतरी ओलं, गार टेकलं होतं. हळूहळू ते जड होत होतं.