मैदान बचाव

घडीची खुर्ची उघडून देशिंगकर काका स्वतःच्या प्लॉटच्या कोपऱ्यात बसले. त्यावरचे मैदानाचे आरक्षण आज ना उद्या उठेल, या हिशेबाने त्यांनी तो तरुणपणी स्वस्तात घेतला होता. शहराच्या नव्या आराखड्याच्या मसुद्यात आरक्षण खरोखरच उठले होते. आता हरकती आल्या नाहीत, की बंगला.

दर रविवारी ते इथे राखणीला येत. दृष्ट लागू नये म्हणून मालकी कुणाला सांगितली नव्हती. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या समोरच्या सोसायटीतल्या मुलांनी त्यांना कधीच अंपायर करून टाकले होते.

आज मुलांचे आईबाप आले, हार घेऊन.

"काका, कुणीतरी बिल्डर आपलं मैदान गिळायला निघालाय."

"बिल्डरच कशावरून? असेल एखादा साधा माणूस."

"हाच तुमचा भोळेपणा. आपण हरकत घेतोय. पहिली सही तुमची. या मैदानासाठी तुमच्याइतकं कोण झिजलंय?"

काकांनी खरे सांगायला तोंड उघडले, तोच गळ्यात हार पडला आणि टाळ्या वाजल्या.

हरकतीच्या अर्जावर रकाना होता: जागेशी आपला संबंध. काकांनी बराच वेळ पेन धरून ठेवले. मग सुवाच्य अक्षरात लिहिले, 'अंपायर.'