डावीकडे वळणारी मान

फिजिओथेरपिस्टने दोन्ही तळव्यांत डोकं धरून मान हळूच ओढली की तिकीट खिडकीवरच्या कारकुनाच्या डाव्या हातातल्या मुंग्या थांबत. कामावर बसला की पुन्हा सुरू. उशी बदलून झाली, व्यायाम बदलून झाले. दबलेल्या नसेचं हे कोडं तिला काही सुटेना.

"खिडकीवर कसे बसता, ते करून दाखवा बरं."

तो स्टुलावर बसला आणि समोर गिऱ्हाईक असल्यासारखी मान डावीकडे वळवून त्याने उजवा कान पुढे केला. ती त्याच्या मागे गेली, तो कान तळव्याने घट्ट झाकला आणि हळू आवाजात विचारलं, "आता दुखतंय का?"

उत्तर नाही.

तिने हात काढला. "डाव्या कानाने ऐकू येत नाही तुम्हाला. कधीपासून?"

"झाली असतील तीन-चार वर्षं," तो ओशाळला. "साहेबांना कळलं असतं, तर खिडकीवरून उठवलं असतं. म्हणून घरीही बोललो नाही."

भिंतीजवळ बसलेली बायको उठून पुढे आली. "अहो, म्हणजे उजव्या कुशीवर झोपलात की चांगला कान उशीत! आणि मी वेडी रोज तुमच्या पाठीशी बोलत राहते. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

त्याने स्टूल तिच्याकडे फिरवलं.

"काय काय बोलत होतीस गं? पहिल्यापासून सांग."