खांबावरचा नमस्कार

"शिडी टेकवू नको," बजाबाई म्हणाली. "आधी सांग, ह्या खांबानं तुझं काय घोडं मारलंय?"

धुळाप्पा वायरमननं शिडी खांद्यावरच ठेवली. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत बजाबाईला विचारल्याशिवाय कुत्रंही झोपत नव्हतं, तर शिडी कुठली टेकणार.

"तक्रार हाय मावशी. दिवा लागल्यावर मिचकतोय म्हणं."

"कोण म्हणतं?"

धुळाप्पानं समोरच्या चादरीच्या दुकानाकडं नुसतं बघितलं. सोमलिंगशेट घातलेलीच घडी पुन्हा घालू लागले.

"त्यांनी दिवसभर गिऱ्हाइकांकडं बघून डोळं मिचकावल्यालं चालतंय व्हय?" समोर ऐकू जाईल अशा बेतानं बजाबाई बोलली. शेटजींनी घडी मोडून पुन्हा घालायला घेतली.

दिवा मिचकत होता हे खरं. पिवळे दिवे काढून पांढरे बसवल्यापासून शहरातले दिवे पुण्याच्या एका कंपनीतून लागत होते. कुठला लागला, कुठला बिघडला, सगळं तिथल्या कंप्युटरवर दिसायचं. नवे दिवे लागून महिना झाला नसेल, तोच धुळाप्पा निरोप घेऊन आला होता.

"साहेबांनी सांगितलंय. पुण्याच्या आफिसात तुमच्या घरचं माणूस हाय. दिवे लागायच्या टायमाला दारात या, तुमचा दिवा दोनदा मिचकंल. तिकडनं नमस्कार हाय म्हणं."

घरचं माणूस. एवढ्यावर बजाबाईनं पदर डोळ्याला लावला होता, आणि धुळाप्पा बघतोय म्हटल्यावर त्याच पदरानं घाम पुसला होता.

दिवा लागला की हात जोडायचे, ही तिची केम गावच्या माहेरापासूनची सवय. समईला जोडायचे तसे बल्बला. आता ती खांबाला जोडू लागली. दिवा लागायचा, ती हात जोडायची, आणि तो दोनदा मिटून उघडायचा. मग ती आत जाऊन भाकरी टाकायची. त्या भाकरीला चव असायची.

अजिंक्य तिचा एकुलता एक. कंप्युटर शिकला आणि पुण्याला गेला. कुठल्या कंपनीत, ते तिनं विचारलं नाही. विचारायचं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं नाही हे तिनंच ठरवलं होतं. त्यानं कॉलेजातली, त्याच्याच वर्गातली लावण्या करून आणली होती. विणकराच्या तेलुगू घरातली. एक उन्हाळा ती या घरात नांदली, आणि बजाबाईनं तिला सुखानं पाणी पिऊ दिलं नाही. तिन्हीसांजेला केस विंचरू नको. ओल्या हातानं मीठ काढू नको. अडचणीच्या दिवसांत दिव्याला हात लावू नको. उंबऱ्यावर बसू नको. पोरगी सगळ्याला "व्हय आत्या" म्हणायची. त्या "व्हय"चाच बजाबाईला जास्त राग यायचा.

शेवटी ती लेकाला म्हणाली होती, "ही हाय तोवर मला फोन करू नको आन् दारात येऊ नको."

अजिंक्यही तिच्याच पोटचा. त्यानं दोन्ही पाळलं.

राहिला होता तो दिवा. महिन्यातले काही दिवस तोही गप्प असायचा, नुसताच लागायचा. "फिरतीवर असंल," बजाबाई शेजारणीला सांगायची. "मोठा साहेब झालाय. एका जागी बसून भागतंय का त्याचं?" पण त्या दिवसांत तव्यावर भाकरी ठेवून ती सारखी दारात यायची, आणि भाकरी करपायची.

आताही तसंच चाललं होतं. परवापासून दिवा गप्प होता.

"आता तर मिचकतबी न्हाय," ती धुळाप्पाला म्हणाली. "मग कशाला चढतोस?"

"उद्यापास्नं नवीन प्रोग्राम येतोय मावशी. त्याचा डबा बसवायचाय. अंधारलं की दिवा आपला आपण लागणार. पुण्याला कुणाच्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

"म्हंजे नमस्कार?"

"बंद."

बजाबाई उंबऱ्यावर बसली. धुळाप्पानं शिडी टेकवली, तरी तिनं हटकलं नाही. मग त्यालाच कसंतरी झालं.

"फोन करावा की मावशी. लेकाशी बोलायला कसली लाज?"

"तू मला शिकवू नको." पदर खोचत तिनं विचारलं, "त्या आफिसाचा नंबर हाय तुझ्याकडं?"

धुळाप्पानं नंबर लावला. "सोलापुरातनं वायरमन धुळाप्पा बोलतोय. आमच्या गल्लीचा दिवा कोण मिचकावतंय, त्यांना द्या. घरनं फोन हाय म्हणावं." आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला.

सोमलिंगशेटला तोंड दिसू नये म्हणून बजाबाई भिंतीकडं वळली. पलीकडं कुणीतरी फोन घेतल्याचा आवाज आला. "हॅलो" यायच्या आत ती सुरू झाली.

"हे बघ, फोन धुळाप्पाचा हाय. मी हरले असं समजू नको. उद्यापास्नं तुझा दिवा बंद होतोय म्हणून बोलतेय. मला आता लांबनं नमस्कार नको. घरी ये. धपाटी करते, शेंगाची चटणी कुटून ठेवलीय." तिचा आवाज चिरला. तिनं तो दाबला. "पण एकटा ये. तिला आणू नको. माझं एक तरी ऐकलं का तिनं कधी?"



गल्लीतले दिवे लागले. सवयीनं तिनं फोन खांद्याशी धरून हात जोडले. दारातला दिवा नुसताच लागून राहिला.

"आन् परवापास्नं गप का?" ती म्हणाली. "फिरतीवर होतास व्हय?"

"न्हाय आत्या," पलीकडून लावण्या म्हणाली. "अडचण आलीय. तुमीच सांगितलं हुतं की, ह्या दिवसांत दिव्याला हात लावायचा न्हाय."